दाताचा एक्स-रे पुन्हा का काढावा लागतो?

तालुक्याच्या गावी नुकताच स्वतःचा दवाखाना सुरू केलेल्या एका तरुण दंतवैद्यांनी विचारले आहे की, आर.व्ही.जी.चा (फिल्मऐवजी संगणकावर दाताचे चित्र दाखवणाऱ्या यंत्रणेचा) नवा सेन्सर घेऊनही दर तीन-चार चित्रांमागे एक वाया जाते. कधी मुळाचा शेंडा कापला जातो, कधी शेजारचे दात एकमेकांवर चढलेले दिसतात, कधी चित्र फिके तर कधी काळपट येते. एक्स्पोजरची (किरण सोडण्याची) वेळ कमी-जास्त करून झाली, कंपनीच्या माणसालाही दोनदा बोलावून झाले, पण फरक पडला नाही. दोष यंत्रात आहे की पद्धतीत, आणि तो ओळखायचा कसा, हा त्यांचा प्रश्न आहे.

या तक्रारीत दोन वेगळ्या जातींचे दोष एकत्र आले आहेत आणि आधी ते वेगळे केले पाहिजेत. शेंडा कापला जाणे, मूळ लांब किंवा आखूड दिसणे, दात एकमेकांवर चढणे हे सारे दोष ट्यूब, दात आणि सेन्सर या तिघांच्या परस्परांतील मांडणीचे आहेत, त्यांचा एक्स्पोजरच्या वेळेशी काहीही संबंध नाही. चित्र फिके किंवा काळे येणे हा किरणांच्या मात्रेचा, आणि फिल्म वापरत असाल तर डार्करूमचाही दोष आहे. चित्र बिघडले की हात आधी टायमरकडे जातो, आणि मांडणीची चूक मात्रा बदलून सुधारण्याचा प्रयत्न होतो. त्यात रुग्णाला जादा किरण मिळतात आणि चूक जागच्या जागी राहते. माझ्या अनुभवात दवाखान्यात वाया जाणाऱ्या चित्रांपैकी बहुतेक मांडणीमुळे जातात. त्यामुळे नेमके काय चुकले हे सांगता आल्याशिवाय दुसरे चित्र काढायचे नाही, एवढा एक नियम आजपासून पाळून पाहावा.

उभ्या कोनापासून, म्हणजे ट्यूब वर-खाली किती कलवायची त्यापासून, सुरुवात करतो, कारण सर्वाधिक घोटाळा तिथेच होतो. एक्स-रे चित्र ही दाताची सावलीच असते. सूर्य कलता असला की सावली लांब पडते आणि डोक्यावर आला की आखूड होते. वरच्या दातांसाठी ट्यूब वरून खाली रोखलेली असते. ती फार आडवी राहिली तर मुळे लांबतात आणि फार उभी झाली तर आखडतात. दात आणि फिल्म यांच्यातील कोन मनाने दुभागून त्या रेषेवर किरण काटकोनात सोडण्याची पद्धत दंतवैद्य सिझिन्स्की यांनी 1907 मध्ये मांडली, आणि आपल्याकडे आजही बहुतेकांचा हात तिच्यावरच बसलेला असतो. महाविद्यालयात वरच्या पटाशीच्या दातांना 40 ते 50 अंश, वरच्या दाढांना 20 ते 30 अंश, खालच्या दाढांना जवळपास शून्य, अशी कोष्टके पाठ करून घेतली जातात. मात्र ट्यूबच्या सांध्यावरील तबकडी हे अंश जमिनीच्या संदर्भात दाखवते, दाताच्या संदर्भात नाही. रुग्ण ताठ बसलेला असेल, आणि वरच्या दातांच्या वेळी नाकपुडीच्या कडेपासून कानाच्या छिद्रापुढील उंचवट्यापर्यंतची रेषा जमिनीला समांतर असेल, तेव्हाच त्या आकड्यांना अर्थ उरतो. रूट कॅनाल चालू असताना रुग्ण अर्धवट आडवा असतो, तोंडावर रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) असतो, आणि त्याच अवस्थेत तबकडीवर 40 अंश लावून बटण दाबले जाते. तुमचेही तसेच होत असावे असा माझा अंदाज आहे, कारण कापलेल्या शेंड्यांची तक्रार करणाऱ्या दहा जणांत निदान सहा-सात जणांकडे मी हेच पाहिले आहे.

याचा परिणाम चित्रापुरता राहत नाही. माझ्याकडे सूज घेऊन आलेल्या एका रुग्णाच्या वरच्या मधल्या पटाशीच्या दाताची लांबी आधीच्या चित्रावर 27 मिलिमीटर भरली होती. हा दात सरासरी 22 ते 23 मिलिमीटरचा असतो. लांबी मोजण्याचे इलेक्ट्रॉनिक यंत्र हाताशी नव्हते, म्हणून चित्रावर विसंबून फाइल (मुळाची नळी साफ करणारी बारीक सुई) 26 मिलिमीटरवर बांधली गेली आणि दर फेरीला ती शेंड्याबाहेर जाऊन पलीकडच्या ऊतीला टोचत राहिली. मी तोंडात प्रोब (मोजमापाच्या खुणा असलेली बारीक सळई) धरून दाताचा दिसणारा भाग मोजला, तो 10 मिलिमीटर भरला. चित्रावर तोच भाग 12 मिलिमीटर होता. म्हणजे सावली मुळातच दीडपट नव्हे, पण एक पंचमांशाने लांबलेली होती, आणि 27 ला 1.2 ने भागले की खरी लांबी 22.5 वर येते. फिल्म वाकलेली नसेल तर हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. प्रोब हाताशीच असतो, त्यामुळे ही पडताळणी प्रत्येक रूट कॅनालच्या सुरुवातीला करावी, असे मी आग्रहाने सांगतो.

वरच्या दाढांचे वेगळे सांगायला हवे. तिथे ट्यूब जास्त उभी झाली की मुळे आखडतातच, शिवाय गालाच्या हाडाची पांढरी सावली खाली उतरून नेमकी शेंड्यांवर बसते. मग शेंड्यापाशी काळा डाग आहे की नाही हे कितीही कॉन्ट्रास्ट वाढवला तरी कळत नाही. अशा वेळी मात्रा वाढवू नये, कोन कमी करावा, आणि त्यासाठी सेन्सर दातापासून दूर, टाळूच्या मध्याकडे न्यावा. ही गोष्ट सुरुवातीला मनाला पटत नाही, कारण सेन्सर दाताला चिकटवून ठेवला की चित्र चांगले येईल असे वाटते. टाळू कडेला उतरती आणि मध्यभागी खोल असते. कडेला ठेवलेला ताठ सेन्सर उभा राहू शकत नाही, तो कलतो, रुग्णाला टोचतो, रुग्ण पूर्ण चावत नाही आणि शेंडा चौकटीबाहेर जातो. मध्यावर त्याला उंची मिळते आणि तो दाताला समांतर उभा राहतो. दात आणि सेन्सर यांच्यातील अंतर वाढल्याने प्रतिमा थोडी मोठी होते हे खरे, आणि म्हणूनच समांतर पद्धतीत लांब कोन (ट्यूबच्या तोंडाचे नळकांडे) वापरतात. पण थोडीशी मोठी सरळ प्रतिमा वाकड्या प्रतिमेपेक्षा केव्हाही उपयोगी असते.

खालच्या उपदाढांच्या वेळी अडचण जिभेखालच्या मऊ भागाची असते. तोंड पूर्ण उघडे असताना तिथले स्नायू ताणलेले असतात आणि सेन्सरची कडा त्यांत रुतते. रुग्णाला तोंड अर्धेच उघडायला सांगावे, सेन्सर किंचित तिरपा धरून जीभ आणि जबडा यांच्यामधल्या खोबणीत ठेवावा, आणि मग सावकाश मिटायला सांगावे. तोंड मिटत जाते तसे स्नायू सैल पडतात आणि सेन्सर आपोआप खाली सरकतो. बोटाने दाबून बसवण्याची गरज उरत नाही. ज्यांना ओकारीची उबळ येते त्यांच्या बाबतीत पुढच्या दातांपासून सुरुवात करावी, कोन व वेळ आधीच लावून ठेवावी, आणि सेन्सर तोंडात गेल्यावर दोन-तीन सेकंदांत बटण दाबता येईल अशी तयारी ठेवावी. सेन्सर आत ठेवून मग ट्यूब जुळवत बसणे हे उबळ येण्याचे सगळ्यात मोठे कारण आहे.

या सगळ्यावर होल्डर, म्हणजे फिल्म किंवा सेन्सर तोंडात धरून ठेवणारे साधन, हा एकच स्वस्त उपाय आहे. आपल्याकडे फिल्म किंवा सेन्सर रुग्णाच्या अंगठ्याने वा तर्जनीने धरायला लावण्याची पद्धत खोलवर रुजली आहे. बोटाच्या दाबाने फिल्म वाकते आणि वाकलेल्या भागातील मूळ ताणले जाते, ताठ सेन्सर घसरतो, आणि बोट किरणांच्या वाटेत सापडते. कित्येकदा रुग्णाला जमत नाही म्हणून सहायक किंवा डॉक्टर स्वतः धरतात. हे कोणत्याही परिस्थितीत करू नये. न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स हे अमेरिकेत दातांचे एक्स-रे सर्वप्रथम काढणाऱ्यांपैकी एक होते. यंत्र जुळवण्यासाठी ते वर्षानुवर्षे स्वतःचा हात किरणांसमोर धरत राहिले, कर्करोगामुळे त्यांची बोटे, मग हात कापावा लागला, आणि 1928 मध्ये त्यांचा अंत झाला. आजची मात्रा त्या काळाच्या मानाने नगण्य आहे, पण दिवसाला दहा वेळा बोट धरणाऱ्या सहायकासाठी ती नगण्य राहत नाही. लहान मुलाला धरण्याची वेळच आली तर ते काम पालकांना द्यावे, तेही शिशाचा एप्रन घालून.

आडव्या कोनाची, म्हणजे ट्यूब डावी-उजवीकडे वळवण्याची, चूक ओळखायला सोपी आहे. शेजारच्या दोन दातांचे एनॅमल (बाहेरचे कठीण आवरण) एकमेकांवर चढून पांढरा पट्टा दिसला की किरण त्या दोन दातांमधल्या फटीतून गेले नाहीत, तिरके गेले, असे समजावे. बाइटविंग चित्रात हा दोष अक्षम्य मानतो, कारण ते चित्र काढायचेच मुळी दोन दातांच्या मधली कीड पाहण्यासाठी, आणि कीड त्या पट्ट्यातच लपते. उभा कोन 8 ते 10 अंश ठेवून, ट्यूबचे तोंड दाढांच्या संपर्कबिंदूंना काटकोनात आहे ना हे रुग्णाच्या डोक्यावरून वाकून पाहावे. समोरून पाहून ते कळत नाही. हीच तिरकी दिशा हेतुपुरस्सर वापरली की उपयोगाची ठरते. दोन मुळांच्या वरच्या उपदाढेत दोन्ही मुळे एकाआड एक येतात, तेव्हा ट्यूब आडवी वीसेक अंश सरकवून दुसरे चित्र काढले तर ती सुटी होतात. ट्यूबच्या दिशेनेच जे सरकते ते आतल्या बाजूचे, उलट दिशेने सरकते ते गालाकडचे. दंतवैद्य क्लार्क यांचा हा 1910 चा नियम खालच्या उपदाढेच्या शेंड्यापाशी दिसणारा काळा गोल म्हणजे गळू की हाडातले नैसर्गिक छिद्र, हे ठरवायलाही कामी येतो. छिद्र असेल तर दुसऱ्या चित्रात ते शेंड्यापासून बाजूला होते.

चित्राचा एखादा कोपरा अगदी पांढरा आणि स्वच्छ कडेचा आला तर किरण तिथवर पोहोचलेच नाहीत. कड गोलाकार असेल तर गोल कोनाचे (नळकांड्याचे) तोंड सरकलेले होते, सरळ असेल तर चौकोनी कोनाचे. इथे मात्र एकदा यंत्राकडेही पाहावे. भिंतीवरच्या हातातील स्प्रिंग सैल झाली असेल तर हात सोडल्यावर ट्यूबचे डोके हळूहळू खाली सरकते, आणि तुम्ही बटणापर्यंत पोहोचेतो दोन सेंटिमीटर हललेले असते. कंपनीच्या माणसाकडून हे जरूर घट्ट करून घ्यावे. डोके हाताने धरून ठेवून एक्स्पोजर देऊ नये. चौकोनी कोनाने चुका वाढतात म्हणून अनेकजण तो काढून ठेवतात. 7 सेंटिमीटर व्यासाच्या गोल कोनाने साधारण 38 चौरस सेंटिमीटर भागावर किरण पडतात, आणि नेहमीच्या 31 गुणिले 41 मिलिमीटरच्या फिल्मला त्यांपैकी 13 पुरतात. उरलेले दोन तृतीयांश रुग्णाच्या चेहऱ्याला विनाकारण मिळतात. होल्डरवरच्या कड्याला कोन टेकवण्याची सवय झाली की चौकोनी कोनानेही चूक होत नाही, हे मी विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहत आलो आहे.

आता मात्रेकडे. फिल्मवरून सेन्सरवर आलेल्या दवाखान्यांत टायमर जुन्या सवयीच्या आकड्यावरच राहिलेला असतो. सेन्सरला फिल्मपेक्षा बरीच कमी वेळ लागते. फिल्म जास्त एक्स्पोजरने काळी पडून चूक दाखवून देत असे. सॉफ्टवेअर मात्र चित्र आपोआप उजळून दाखवते आणि चूक झाकते. कमी मात्रेचे चित्र दाणेदार दिसते म्हणून डॉक्टर वेळ वाढवतात, आणि वाढवलेली वेळ कोणी पुन्हा खाली आणत नाही. फार जास्त झाल्यावर दातांच्या मधले हाड आणि एनॅमलच्या पातळ कडा पूर्ण काळ्या होतात, आणि तिथे माहितीच उरत नसल्याने पुढे कोणतेही बटण ती परत आणू शकत नाही. यासाठी एक दुपार द्यावी. काढलेली एक दाढ मेणात बसवून, गालाच्या जागी दीडेक सेंटिमीटर मेणाचा थर ठेवून, सर्वांत कमी वेळेपासून एकेक पायरी चढत चित्रे काढावीत, आणि ज्या पायरीवर दाणे जाऊन मुळाची कड स्पष्ट होते ती वेळ कागदावर लिहून यंत्राशेजारी चिकटवावी. त्या आधारावर वरच्या दाढांना थोडी जास्त, खालच्या पुढच्या दातांना कमी, आणि मुलांना त्याहून कमी वेळ ठरवता येते.

तरीही चित्रे अधूनमधून फिकी येत असतील तर दोन गोष्टी तपासाव्यात. एक म्हणजे कोनाचे तोंड त्वचेपर्यंत येते का. 20 सेंटिमीटरच्या कोनापुढे 5 सेंटिमीटर जागा सुटली तर किरणांची तीव्रता 36 टक्क्यांनी घटते, कारण ती अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. दुसरी गोष्ट विजेची. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत भिंतीतला व्होल्टेज पडला की ट्यूबचा किलोव्होल्टही पडतो, आणि किरण मऊ, म्हणजे कमी भेदक, होऊन हाडातून पार जात नाहीत. संध्याकाळी गावातले पंप आणि पंखे एकदम सुरू झाल्यावरच चित्रे फिकी येतात का, याची आठवडाभर नोंद ठेवावी. तसे असेल तर चांगला स्टॅबिलायझर बसवावा. टायमर बदलू नये.

फिल्म वापरणाऱ्यांसाठी डार्करूमचे थोडक्यात सांगतो. डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारे द्रावण) 20 अंश सेल्सिअसला असेल तर 5 मिनिटे लागतात, 24 अंशांना 3 मिनिटे पुरतात. विदर्भात मे महिन्यात टाकीतले पाणी याच्या कितीतरी वर जाते, आणि अंदाजाने फिल्म वरखाली करून पाहणारा माणूस ती काळी किंवा धुरकट करून ठेवतो. अशा वेळी थर्मामीटर आणि बाहेरच्या टबात बर्फ एवढे पुरे. काही महिन्यांनी पिवळी-तपकिरी पडणारी फिल्म फिक्सरमध्ये (चित्र पक्के करणाऱ्या द्रावणात) अपुरी राहिलेली किंवा नीट न धुतलेली असते. फिकी आणि टायरच्या खुणांसारखी जाळी उमटलेली फिल्म तोंडात उलटी ठेवलेली होती. ती जाळी पाकिटातल्या शिशाच्या पत्र्याची असते, आणि अशा चित्रात उजवी-डावी बाजू बदलते, म्हणून ते ठेवून न देता फेकून द्यावे.

चित्र निर्दोष असूनही वाचण्यात एक चूक वारंवार होते. दाताच्या मानेपाशी, वर एनॅमल आणि खाली हाड यांच्यामध्ये, किरण कमी अडतात आणि तिथे कडेला पाचरीसारखा काळा भाग दिसतो. त्याला सर्व्हायकल बर्नआउट म्हणतात. कीड समजून तिथे ड्रिल लावलेला धडधाकट दात मी पाहिला आहे. मात्रा जास्त असली की हा काळेपणा वाढतो, कोन बदलला की बहुधा नाहीसा होतो. प्रोब टेकवून पाहावा. कीड असेल तर पृष्ठभाग मऊ किंवा खडबडीत लागतो.

ओ.पी.जी. (दोन्ही जबड्यांचे एकत्र चित्र) तुम्ही जिल्ह्याच्या ठिकाणाहून मागवत असाल, तरी तिच्यातले दोष ओळखता आले पाहिजेत. पुढचे दात अरुंद दिसले तर रुग्ण दातांनी चावून धरायच्या खाचेच्या पुढे सरकलेला होता, पसरट दिसले तर मागे. हनुवटी वर असेल तर दातांची ओळ नाराज तोंडासारखी, कडांना खाली झुकलेली दिसते आणि टाळूची पांढरी पट्टी वरच्या मुळांवर येते. वरच्या मुळांवर काळा पट्टा असेल तर जीभ टाळूला लावून ठेवायला सांगितलेले नव्हते. आणि दागिन्यांविषयी आपल्याकडे विशेष काळजी हवी: कानातली कुडी राहिली तर तिची अस्पष्ट, मोठी सावली दुसऱ्या बाजूला, थोडी वर उमटते. साध्या एक्स-रेमध्येही नाकातली चमकी पुढच्या दाताच्या शेंड्यावर येऊन मोडलेल्या फाइलीचा भास निर्माण करते. नथ, चमकी, मंगळसूत्र काढायला सांगताना आवाज मऊ ठेवावा आणि कारण सांगावे. बायका मग आनंदाने काढून ठेवतात.

प्रत्येक सदोष चित्र पुन्हा काढायचेच असते असे नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ते चित्र कोणत्या प्रश्नासाठी काढले होते हे आठवावे. शेंड्यावरचा गळू पाहायचा होता आणि शेंड्यापलीकडचे 2-3 मिलिमीटर हाड स्पष्ट दिसत असेल, तर दातांचे वरचे टोक कापले गेले म्हणून रुग्णाला दुसऱ्यांदा किरण देऊ नयेत. कीड पाहायची असेल आणि नेमकी ती फट झाकली गेली असेल, तर बाकीचे चित्र कितीही सुंदर असले तरी ते पुन्हा काढावे लागेल. एका साध्या एक्स-रेतून मिळणारी मात्रा काही मायक्रोसिव्हर्टच (सिव्हर्ट हे किरणांच्या मात्रेचे एकक) असते. निसर्गातून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्ट. रुग्णाला घाबरवण्याचे कारण नाही, आणि आपण निष्काळजी होण्याचेही नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2024 मध्ये एप्रन व गळ्याचा पट्टा नेहमीसाठी आवश्यक नसल्याचे सांगितले आणि त्याऐवजी किरणांचा झोत मर्यादित ठेवण्यावर भर दिला. आपल्याकडे मात्र मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा प्रणालीवर यंत्राची नोंदणी केलेली असावी आणि नोंदणीच्या अटींप्रमाणेच वागावे. बटण दाबताना ट्यूबपासून निदान दोन मीटर दूर, आणि झोताच्या दिशेपासून काटकोनात किंवा त्याहून मागे उभे राहावे.

शेवटी तुमच्या प्रश्नाचा निर्णय तुमच्याच दवाखान्यात लागेल. एक साधी वही घ्यावी आणि महिनाभर वाया गेलेल्या प्रत्येक चित्रापुढे तारीख, वेळ, कोणता दात, रुग्ण बसलेला होता की आडवा, आणि दोष कोणता, एवढेच लिहावे. संध्याकाळच्या फिक्या चित्रांचीच ओळ लागली तर वीज तपासावी. माझ्या अंदाजाप्रमाणे वही वरच्या दाढांनी आणि आडव्या पडलेल्या रुग्णांनी भरेल, आणि तसे झाले तर कंपनीच्या माणसाला तिसऱ्यांदा न बोलावता मागच्या व पुढच्या दातांचे होल्डर मागवावेत.